सक्ती संपते तिथून पुढे

मही नदीचा उगम मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यात, सरदारपूर तालुक्यातल्या मिंडा गावाजवळ होतो. पावसाळा सोडला तर तिथे तिला नदी म्हणायला धीर लागतो. पण हीच मही आधी उत्तरेला जाते, राजस्थानात बांसवाड्याकडून वळसा घेते, कर्कवृत्त दोनदा ओलांडते आणि वडोदऱ्याच्या बाजूने खंभातच्या आखाताला मिळते. वडोदरा शहर तिच्याच पात्रातल्या विहिरींचं पाणी पितं. इंदूरहून अहमदाबादला जाणारा महामार्गही याच भागातून जातो. नकाशात पाहा नाही तर बसथांब्यावर उभं राहून पाहा, सरदारपूरचं तोंड गुजरातकडे आहे.

गाव तसं एका नजरेत मावणारं. माळव्याचं पठार इथे दमतं आणि पुढे झाबुआच्या टेकड्या सुरू होतात. इंग्रजांनी भिल्लांची पलटण उभारली, मालवा भील कोर, तिचं ठाणं इथलं. 1857 मध्ये शेजारच्या अमझेऱ्याचे राव बख्तावरसिंह उठले, जवळच्या भोपावरची इंग्रजांची छावणी जळली, सरदारपूरलाही झळ बसली. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत रावांना इंदुरात फाशी झाली आणि अमझेरा शिंद्यांच्या पदरात पडला. आज त्यातलं फारसं काही जाणवत नाही. जाणवते ती संथ, धुळकट शांतता. राजगढ-मोहनखेड्याकडे जाणाऱ्या जैन यात्रेकरूंच्या गाड्या, काळ्या मातीची शेतं, लसणाच्या मोसमात वाऱ्यावर येणारा तो उग्र वास. कुणालाच कसली घाई नाही, असं वाटायला लावणारं गाव.

घाई असते ती सकाळी, आणि ती मुलींना असते. निळ्या-पांढऱ्या गणवेशातल्या मुली वाड्या-पाड्यांतून निघून रस्त्याच्या कडेने शाळेकडे येतात. बऱ्याच सायकलवर. मध्य प्रदेशात गावात शाळा नसली तर नववीत सरकारकडून सायकल मिळते. मुलींच्या शाळेचा सायकलस्टँड एकदा नीट पाहावा. सगळ्या सायकली एका मापाच्या, पण प्रत्येकीची खूण वेगळी: कुणी हँडलला लोकरीचा गोंडा बांधलेला, कुणी चेनच्या कव्हरावर नेलपॉलिशने नाव काढलेलं. मागचं कॅरियर मात्र एकजात वाकलेलं. त्यावर धाकटी बहीण बसून येते, आणि सुट्टीच्या दिवशी चाऱ्याचा भाराही. सायकल सरकारने मुलीला दिलेली असली तरी घर तिला घरातलीच धरतं. त्यात मला गैर काही वाटत नाही. सायकल घरच्या उपयोगी पडते म्हणून ती विकली जात नाही, आणि विकली जात नाही म्हणून मुलगी सोमवारी शाळेत दिसते.

दिवाळीनंतर चित्र बदलतं. रब्बीला ज्यांच्या विहिरीला पाणी नाही ती भिल्ल कुटुंबं बिऱ्हाड उचलतात आणि गुजरातकडे निघतात, बांधकामावर, कापसावर. इथले शिक्षक त्याला सरळ पलायन म्हणतात, हिंदीतल्या अर्थाने. त्यात पळून जाण्याचा ठपका नाही. चौदा-पंधरा वर्षांची मुलगी अशा वेळी फार मोलाची होते. ती धाकट्यांना सांभाळते, रांधते, वेळ पडली तर मजुरीही करते. हजेरीपटावर तिच्या नावापुढच्या चौकोनांत गैरहजेरीची ओळ लागते आणि कधी कधी होळीपर्यंत तुटत नाही. म्हणून या भागात मुलींच्या शाळेचा जीव वर्गात कमी आणि हॉस्टेलात जास्त असतो. हॉस्टेलात जागा मिळाली तर आईबाप मुलीला मागे ठेवून जाऊ शकतात. न मिळाली तर ती ट्रकमध्ये बसते.

याच दिशेने एक मुलगी वेगळ्या थाटात गेली होती. देवासच्या घाटगे घराण्यातली गजराबाई 1885 मध्ये लग्न होऊन वडोदऱ्याला गेली आणि चिमणाबाई झाली, सयाजीराव गायकवाडांची दुसरी राणी.  नवऱ्याने 1893 मध्ये अमरेली भागात सक्तीचं प्राथमिक शिक्षण सुरू केलं, 1906 मध्ये ते सबंध राज्याला लागू केलं. मुलीला शाळेत न घालणाऱ्या बापाला दंड व्हायचा आणि तो वसूलही व्हायचा. चिमणाबाईंनी 1911 मध्ये हिंदुस्थानी स्त्रियांच्या स्थितीवर इंग्रजी ग्रंथ लिहिला, एका सहलेखकाबरोबर. पुढे पडदा सोडला. जानेवारी 1927 मध्ये पुण्याला फर्ग्युसन कॉलेजात अखिल भारतीय महिला परिषदेचं पहिलं अधिवेशन भरलं, त्याच्या त्या अध्यक्ष होत्या. परिषद बोलावली होती ती केवळ शिक्षणाच्या प्रश्नावर. पण बायका बोलायला उभ्या राहिल्यावर विषय बालविवाहाकडे गेलाच. जाणारच होता.

कारण वडोदऱ्याच्या कायद्यात मुलांना सक्ती बारा वर्षांपर्यंत होती आणि मुलींना दहापर्यंत. दहानंतर मुलीचं काय होतं हे त्या काळी कुणाला समजावून सांगावं लागत नव्हतं. आज आपला 2009 चा कायदा चौदा वर्षांपर्यंत, म्हणजे आठवीपर्यंत हात धरतो. शंभर वर्षांत मुलीच्या वाट्याला सक्तीची चार वर्षं जास्त आली. आणि मुलींची माध्यमिक शाळा सुरू होते ती नेमकी तिथून, जिथे कायद्याचा हात सुटतो. नववीत मुलगी बसली आहे ती कुणी बसवलं म्हणून नव्हे. तिच्या घरात कुणीतरी, बहुधा आईने, भांडून ते वर्ष मिळवलेलं असतं. 2011 च्या जनगणनेत धार जिल्ह्यातल्या स्त्रियांची साक्षरता जेमतेम निम्म्याच्या आसपास होती. म्हणजे भांडणारी ती आई स्वतः अंगठा उठवणारी असण्याचा संभव पुष्कळ.

महाराष्ट्रातल्या वाचकाला इथे एक गोष्ट खटकेल. गावात एसटी येत नाही. येईल कुठून? मध्य प्रदेशचं राज्य परिवहन महामंडळ 2005 च्या सुमाराला बंद पडलं. आज चालतात त्या खाजगी गाड्या, आणि शाळेच्या पोरींचं ओझं घेऊन थांब्यावर वेळ घालवणं कंडक्टरला परवडत नाही. महाराष्ट्रात खेड्यातल्या मुली बारावीपर्यंत एसटीने फुकट शाळेत जातात, ती योजना अहिल्याबाई होळकरांच्या नावाची. अहिल्याबाईंचं महेश्वर नर्मदेच्या अलीकडच्या काठावर, धारला लागूनच. त्यांच्या नावाचा पास महाराष्ट्रात चालतो आणि त्यांच्या माळव्यात पोरगी सायकल हाणते!

शाळांच्या दर्शनी भिंतीवर गुणवंतांची नावं रंगवायची पद्धत इकडेही आहे. वर्ष, नाव, टक्के. दहावीचा तक्ता, बारावीचा तक्ता. मला तो वाचायला आवडतो, विशेषतः आडनावांसाठी. पूर्वी वरच्या ओळींतून व्यापारी आणि नोकरदार घरांची आडनावं भेटत. आता त्यात डामोर, मेडा, भूरिया, वसुनिया येऊ लागली की समजावं, शाळा गावची होती ती तालुक्याची झाली. तरी तक्त्यात एक रकाना कमी असतो. नववीला नाव घातलेल्या किती मुली बारावीच्या परीक्षेला बसल्या, हा आकडा रंगवायचं कुणाला सुचत नाही. जुन्या मॅडमना विचारा, त्यांना तोंडपाठ असतो. कोण साखरपुड्यानंतर आली नाही, कोण साखरपुड्यानंतरही आली, कोण सुरतेहून एकटी बसने परत येऊन परीक्षेला बसली.

आणि बोर्डाची परीक्षा येते ती आदिवासींच्या भगोरिया जत्रेच्या तोंडावर. होळीच्या आधीच्या आठवड्यात गावोगावचे बाजार भगोरियाचे होतात. मांदळ वाजतो, पाळणे लागतात, चांदीच्या साखळ्या आणि एका रंगाची पोलकी घालून मैत्रिणींचे घोळके फिरतात. बाहेरचे पत्रकार त्यावर दरवर्षी पळून जाऊन लग्न करण्याच्या कथा लिहितात. इथल्या आदिवासी मुली त्या वाचून वैतागतात. हॉस्टेलच्या अधीक्षिकेपुढे प्रश्न साधा असतो, परवा गणिताचा पेपर आहे, आज बाजाराला सोडायचं की नाही. काही जणी फाटकाला कुलूप घालतात. मला पटतात त्या दुसऱ्या, ज्या दुपारी सोडतात, वहीत सही घेतात आणि दिवेलागणीला फाटकाशी खुर्ची टाकून बसतात. मुली येतात. पान खाऊन ओठ लाल, हातावर ताजं गोंदण, आणि आल्या आल्या पहिला प्रश्न, मॅडम, वर्तुळाचं प्रमेय येणार का हो?