"छातीत दुखत नाही, नुसतं मळमळतंय"

दवाखान्यात रोज कानावर पडणारं एक वाक्य आहे. "डॉक्टर, विशेष काही नाही, नुसतं मळमळतंय. गॅस झाला असेल." बोरीवलीत माझे बरेच पेशंट गुजराती आहेत. ते म्हणतात, "गभरामण थाय छे." पूर्वी या वाक्यावर मी चटकन गोळी लिहून मोकळी व्हायचे. ती सवय माझी मॉरिशसमध्ये मोडली. कशी, ते आज सांगते.

माझ्या भाचीचं सासर मॉरिशसला, वाक्वा गावात. तिच्या पहिल्या बाळंतपणाला माझ्या बहिणीला जाता येईना, म्हणून महिनाभर मी गेले. सासर मराठीच. १८३५ मध्ये त्या बेटावरची गुलामगिरी संपली आणि उसाच्या मळ्यांसाठी हिंदुस्थानातून मजूर नेले गेले. त्यात कोकणातली माणसंही होती. इंग्रजांनी बेट फ्रेंचांकडून १८१० मध्येच घेतलं होतं, पण भाषा फ्रेंचांचीच राहिली. आजही सरकारी कागद इंग्रजीत, वर्तमानपत्रं फ्रेंचमध्ये आणि घरात बोलणं क्रिओलमध्ये, म्हणजे फ्रेंचमधून तयार झालेल्या बोलीत. गणपतीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते. घरात सगळ्यांना आरत्या तोंडपाठ. पण "जेवलात का?" असं मराठीत विचारलं की समोरचा नुसता गोड हसायचा.

पहिल्या आठवड्यात माझं पोट बिघडलं. औषधाच्या दुकानात जाऊन मी, पंचवीस वर्षं प्रॅक्टिस केलेली बाई, पोटावर हात ठेवून खुणा करत उभी राहिले. आपल्याला काय होतंय ते सांगता न येणं किती लाजिरवाणं असतं, ते त्या दिवशी कळलं. मग मी हट्टाने शिकायला लागले. पाण्याला 'दिलो', दुखण्याला 'माल'. तीन आठवड्यांत बऱ्यापैकी समजायला लागलं, आणि थोडा गर्वही झाला.

त्याच सुमारास गावातल्या सभागृहात मुंबईहून डॉक्टरांचं एक पथक मोफत तपासणीसाठी आलं. गावात सगळे त्याला 'मिसियों मेदिकाल' म्हणत होते. भाची म्हणाली, "मावशी, जा ना, तुला बरं वाटेल." गेले. दारातच "अगं, ती इसीजीची वायर इकडे दे" हे मराठी कानावर पडलं आणि डोळ्यांत पाणीच आलं. एक टेक्निशियन तर कांदिवलीचा निघाला. पथकाला फ्रेंच येत नव्हतं, स्थानिक दुभाषी एकच आणि रांग दारापर्यंत. मी आपणहून दुभाषी व्हायला बसले.

मॉरिशसमध्ये मधुमेह फार. दर पाच प्रौढांमागे साधारण एकाला. त्यामुळे बहुतेकांच्या हातात साखरेच्या गोळ्यांची पुडी होतीच. दुपारी एक आजी आल्या. सत्तरीच्या, कपाळावर टिकली, बरोबर सूनबाई. आजी म्हणाल्या, "माल ओ कर."

शब्दशः अर्थ लावला तर 'हृदयात दुखणं'. पथकातले तरुण डॉक्टर लगेच सावध झाले. मी हसून म्हटलं, "अहो, घाबरू नका. फ्रेंचमध्ये याचा अर्थ हृदय दुखणं नाही, मळमळणं. आपल्याकडे नाही का, काळजाला घरं पडली म्हटलं तर काळीज तपासत नाहीत!" आजींना छातीत दुखतंय का, हेही विचारलं. त्या "नाही" म्हणाल्या. मी पित्ताची गोळी सुचवली आणि त्यांना बाजूच्या खुर्चीवर बसवलं.

रांग सांभाळायला शेजारच्या एक निवृत्त नर्स आल्या होत्या. त्यांनी आजींच्या मानेला हात लावला आणि माझ्यापुढे ओली बोटं धरली. पंखा सुरू होता, तरी आजींना थंड घाम फुटला होता. नर्स एवढंच म्हणाल्या, "डॉक्टेर, इसीजी."

इसीजीत हृदयाच्या खालच्या भागाचा झटका स्पष्ट दिसत होता. आजींना अॅस्पिरिन चावायला दिली, ११४ वर फोन केला. रुग्णवाहिका येईपर्यंत मी त्यांचा हात धरून बसले होते, आणि माझाच हात थरथरत होता. माझं भाषांतर अगदी बरोबर होतं. चूक पुढे झाली. 'मळमळ' हा शब्द कळला आणि निदानही कळलं, असं मी धरून चालले.

हे असं का होतं, ते समजून घ्या. हृदयाचा खालचा भाग पडद्याला टेकलेला असतो, आणि पडद्याखाली लगेच जठर. हृदय आणि जठर दोन्हीकडे व्हेगस या एकाच मज्जातंतूच्या शाखा जातात. त्यामुळे हृदयाची तक्रार मेंदूला पोटाची वाटू शकते. त्यात जुना मधुमेह असेल तर मज्जातंतू बधिर होतात आणि छातीतली कळ जाणवतच नाही. झटक्यात छातीत दुखणं हेच सर्वांत नेहमीचं लक्षण, बायकांमध्येसुद्धा. पण मधुमेही, वयस्कर माणसं आणि स्त्रिया यांच्यात कळ न येताही झटका येऊ शकतो.

म्हणून मळमळीबरोबर पुढचं काही असेल तर घरी गॅसची गोळी घेऊन वाट बघू नका:

- थंड घाम, धाप, चक्कर किंवा अचानक आलेला विलक्षण थकवा
- जबडा, पाठ, खांदा, हात किंवा पोटाच्या वरच्या भागात जडपणा
- "असं यापूर्वी कधी झालं नव्हतं" ही भावना

अशा वेळी जिने चढू नका, स्वतः गाडी चालवू नका. १०८ ला फोन करा आणि इसीजीची सोय असलेल्या रुग्णालयात जा. पहिला इसीजी कधी कधी नॉर्मल येतो. डॉक्टरांनी थांबवून तो पुन्हा काढला, रक्ताची ट्रोपोनिन चाचणी सांगितली, तर "उगाच खर्च" म्हणून उठून येऊ नका.

आणखी एक विनंती. आईला, सासूबाईंना घेऊन येता तेव्हा त्यांचं म्हणणं तुम्ही आवरून सांगू नका. "तिला ॲसिडिटी आहे" हे तुमचं निदान झालं. त्यांना त्यांच्या शब्दांत, त्यांच्या भाषेत बोलू द्या. वेळ लागला तर लागू द्या.

आजी वाचल्या. निघण्यापूर्वी मी त्यांना भेटायला गेले. बोलायला दोघींकडे पुरेसे शब्द नव्हते. त्यांनी उशाजवळच्या गणपतीकडे बोट दाखवलं आणि हळू आवाजात आरती म्हणायला सुरुवात केली. मीही त्यांच्याबरोबर म्हटली. मनातल्या मनात त्यांची क्षमाही मागितली.

आता दवाखान्यात कुणी "गभरामण" म्हणालं की मी आधी नाडी बघते, मानेला हात लावते, आणि मगच पेन उचलते.