अबोल मुलगा

परवा सुट्टीत चिरंजीव घरी आले आणि आग्रह करकरून त्यांनी आम्हांस एक चित्रपट दाखविला. 'बोर्ग विरुद्ध मॅकेन्रो' हे त्याचे नाव. यानुस मेत्झ या दिग्दर्शकाने तो २०१७ साली पडद्यावर आणला. टेनिस आम्हांस कळते अशातला भाग नाही. आम्हां बेळगावकडच्या खेड्यांतील मुलांची धाव खो-खो आणि कबड्डीपर्यंतच. परंतु १९८० साली, आम्ही दहा वर्षांचे असताना, वाचनालयात वडिलांनी वर्तमानपत्रातील एक छायाचित्र दाखविल्याचे पक्के स्मरते. कपाळाला पट्टी बांधलेला एक तरुण गवतावर गुडघे टेकून बसला होता. "बघ, एवढा मोठा खेळाडू, पण तोंडातून चकार शब्द काढत नाही," वडील म्हणाले. ते वाक्य आम्ही पुढे मास्तर झाल्यावर किती वर्गांत ऐकविले असेल, याची गणती नाही.

चित्रपट त्याच सामन्याचा आहे. ५ जुलै १९८०, विम्बल्डनचा अंतिम सामना. स्वीडनचा ब्यॉर्न बोर्ग सलग पाचव्या विजेतेपदासाठी उभा. समोर अमेरिकेचा एकवीस वर्षांचा जॉन मॅकेन्रो, पंचांशी हुज्जत घालणारा, म्हणून प्रेक्षकांनी मैदानात येतानाच हुर्यो उडविलेला. चौथ्या सेटचा टायब्रेकर चौतीस गुणांपर्यंत लांबला. विजय एकाच गुणावर आला असताना मॅकेन्रोने त्या सेटमध्ये तो बोर्गच्या हातून सात वेळा हिसकावला आणि टायब्रेकर १८-१६ असा जिंकला. शेवटी पाचवा सेट ८-६ असा बोर्गनेच घेतला. निकाल ठाऊक असूनही आम्ही खुर्चीच्या कडेवर येऊन बसलो होतो, हे कबूल केले पाहिजे.

पण आमचे मन खिळून राहिले ते बोर्गच्या बालपणापाशी. (लहानग्या बोर्गचे काम खुद्द त्याच्या मुलाने, लिओने, केले आहे.) हा शांततेचा पुतळा लहानपणी कमालीचा तापट होता! रॅकेट आपटणारा, शिव्या देणारा, त्यापायी शिक्षा भोगणारा. लेनार्ट बर्गेलिन या प्रशिक्षकाने त्याला सारा राग आत कोंडून एकेका गुणात ओतावयास शिकविले. मोठेपणी तो रॅकेटी जमिनीवर मांडून, वर पाय ठेवून तारांचा ताण पारखतो. ते पाहताना आम्हांस वाटले, ताण तारांत नव्हे, याच्या अंगातच आहे. मॅकेन्रोच्या वाट्याला चित्रपटात थोडी उपेक्षा आली. तथापि पाहुण्यांपुढे तोंडी गुणाकार करून दाखविणारा तो पोर पाहून आमच्यातील मास्तर मनातल्या मनात ओशाळला. आणि नवल असे, की हा भांडखोर त्या अंतिम सामन्यात पंचांशी भांडला नाही. पुढल्याच वर्षी त्याने विम्बल्डनला बोर्गला हरविले. १९८३च्या आरंभी, अवघ्या सव्वीसाव्या वर्षी, बोर्गने निवृत्ती जाहीर केली.

या अखेरच्या गोष्टीने आम्हांस झोप लागू दिली नाही. पंधरा वर्षांपूर्वी आमच्या शाळेत एक धावपटू मुलगा होता. हरला तरी रडला नाही, जिंकला तरी हसला नाही. आम्ही त्याला प्रार्थनेच्या वेळी सर्वांपुढे उभा करून म्हणत असू, "शिस्त शिकावी तर याच्याकडून." एका सकाळी तो कार्यालयात आला, शाळेने दिलेले बूट टेबलाखाली नीट जोडून ठेवले आणि "सर, आता धावणार नाही," एवढेच बोलून निघून गेला. आम्ही मान डोलावली. घरी काही अडचण असेल, असे समजून पुढची फाईल उघडली. एखाद्या दंगेखोर मुलाने बूट भिरकावले असते, तर आम्ही त्याच्या बापाला बोलावून तासभर खोदून खोदून विचारले असते.

तो मुलगा आता हुबळीला नोकरीस आहे, असे कळते. चिरंजीवांनी कोठून तरी त्याचा फोन क्रमांक मिळवून दिला आहे. चार दिवस झाले, तो चिठोरा आमच्या टेबलाच्या काचेखाली आहे.