वरणाची बाजू

भाताचे गोडवे गाणारे पुष्कळ आहेत. वरणाची वकिली करावयास मात्र कोणी पुढे येत नाही. अन्नब्रह्माचा सारा मान भाताकडे गेला आणि वरण हे केवळ त्याला ओलावा देण्यापुरते, असे सर्वांनी धरून ठेवले आहे. दुसऱ्याची बाजू मांडणे हाच आमचा धंदा असल्यामुळे हे वकीलपत्र आम्ही आपण होऊन घेत आहो. फी म्हणून वर तुपाची धार मिळाली तरी पुरे.

वरण म्हणजे आम्हांला साधे वरणच अभिप्रेत आहे. तुरीची डाळ मऊ शिजवावी, तीत हळद, हिंग आणि मीठ घालावे, म्हणजे मुख्य काम झाले. पुढचा मतभेद प्रांताप्रांतांचा. आमच्या मातोश्री बेळगावच्या, त्या गुळाचा खडा घालतात. आमच्या सौभाग्यवती अंत्रुजेतल्या, त्या नारळ वाटून घालतात. हा दावा आमच्या घरी गेली 18 वर्षे चालू आहे. आम्ही दोन्ही पक्षांकडचे जेवतो आणि निकाल राखून ठेवतो. दाळीतोय ही वरणाची सख्खी बहीण खरी, पण मिरची-मोहरीच्या फोडणीमुळे स्वभावाने अंमळ तिखट. तिची गोष्ट निराळी.

देवळातल्या समाराधनेत पाने मांडली की पहिला मान वरण-भाताचा. पक्वान्ने मागाहून येतात, शेवट ताकभाताने होतो. हेच अन्न नैवेद्याच्या पानावर चालते आणि नुकतेच उष्टावण झालेल्या बालकालाही चालते. आमच्या वडिलांच्या अखेरच्या आजारात इतर सर्व पदार्थ त्यांनी हाताने दूर सारले. गुरगुट्या भातावरचे पातळ वरण तेवढे ते शेवटच्या आठवड्यापर्यंत घेत होते.

आहारशास्त्रही आमच्या अशिलाच्या बाजूने साक्ष देते. तांदळाच्या प्रथिनांत लायसिन कमी, ते डाळीत भरपूर. डाळीत मेथिओनिन कमी, ते तांदूळ भरून काढतो. एकाच्या जबानीत जे राहून गेले ते दुसऱ्याने सांगावे, असे हे दोन साक्षीदार आहेत. त्यांतला एकच पिंजऱ्यात उभा केला तर खटला लंगडा पडतो.

आणि नेमके तेच आमच्या कायद्याने केले आहे. 2013 च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यातली ‘अन्नधान्या’ची व्याख्या आम्ही पुन्हा पुन्हा वाचली. तांदूळ, गहू, भरडधान्ये. यापुढे व्याख्या जात नाही. प्राधान्य कुटुंबांना माणशी दरमहा 5 किलो धान्याचा हक्क मिळाला, 2023 च्या जानेवारीपासून ते विनामूल्यही झाले. डाळीचा हक्क मात्र त्यात नाही. तामिळनाडूसारखे एखादे राज्य आपल्या पदरचे घालून स्वस्तात तूरडाळ देते, ही त्या राज्याची मर्जी. आणि मर्जी व हक्क यांतले अंतर वकिलाला तरी सांगावयास नको.

2015 साली तुरीची डाळ किलोला 200 रुपयांच्या घरात गेली होती. त्या सुमारास एक मुंडकार बाई आपल्या दाव्याच्या तारखेसाठी आमच्याकडे येत असत. घरचे कसे काय चालले आहे, असे सहज विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, “शीत आसा बाब, पूण दाळ खंयसून हाडूं?” दाव्याचे कागद पुढ्यात होते. त्यांत या प्रश्नाला उत्तर नव्हते.

यंदा आमच्या देवळाच्या सभेत समाराधनेच्या पानावर पनीरची भाजी वाढवावी, अशी सूचना आली. आम्ही उपसूचना मांडली, की त्या रकमेची तूरडाळ घेऊन वाड्यावरच्या गरजू घरांना महिन्याला एकेक किलो द्यावी, आणि पंक्तीतल्या वरणात ऐनवेळी पाणी वाढवण्याची चाल बंद करावी. दुसऱ्या भागावर टाळ्या पडल्या. पहिला भाग पुढच्या सभेवर ठेवला आहे.