पासष्ट किलोंचा कोपरा

दिल्लीत आमच्या सरोजिनी नगरच्या बाजारात परदेशी मापांचे कपडे ढिगाने मिळतात. निर्यातीतून उरलेले, कुठे शिवण चुकलेले, कुठे बाही आखूड पडलेली. तिथल्या दुकानदाराला टेप लागत नाही, गिऱ्हाइकाच्या खांद्यांकडे एकदा पाहिलं की पुरतं. खेळाडू निवडणाऱ्यांची नजरही बरीचशी अशीच असते. तिच्यापुढे उभं राहायची पाळी आता आमच्या शेजारच्या मुलावर आली आहे. वडील मूळ सांगलीचे, केंद्र सरकारच्या नोकरीत. मुलगा कॉलेजच्या कबड्डी संघात डावा कोपरा सांभाळतो. वजन जेमतेम ६५ किलो. "काका, प्रो कबड्डीत माझं काही होईल का?" असं तो विचारतो.

त्याला वेड का लागलं ते उघड आहे. त्यागराज स्टेडियम इथून जवळच. ३१ ऑक्टोबर २०२५ ला तिथेच दबंग दिल्लीने पुणेरी पलटणला प्रो कबड्डीच्या अंतिम सामन्यात ३१-२८ असं हरवलं. त्या रात्री त्यांच्या घरात कुणाच्या बाजूने ओरडायचं हे शेवटपर्यंत ठरलं नव्हतं.

त्याच्या प्रश्नाला अमेरिकेतलं एक उत्तर आहे, पण ते मी मुद्दामच सांगितलं नाही. तिथल्या फुटबॉलमध्ये चेंडू फेकणाऱ्याच्या पुढे पाच आडदांड गडी उभे असतात. समोरून येणारा लोंढा अडवायचा, एवढंच त्यांचं काम. चेंडू घेऊन पळायचं भाग्य त्यांना सहसा नाही. व्यावसायिक संघांत त्यांची वजनं १४० किलोंच्या आसपास. सिनसिनाटी विद्यापीठाचा जेसन केल्सी १२७ किलोंच्या घरातला, म्हणून तो लहान! व्यावसायिक संघांनी केलेल्या २०११ च्या निवडीत त्याचं नाव १९१ वं पुकारलं गेलं. पुढे तो फिलाडेल्फियाकडून १३ हंगाम खेळला आणि २०१८ मध्ये सुपर बोल, म्हणजे तिथली अंतिम लढत, जिंकलेल्या संघात होता. ही गोष्ट ऐकून कुठल्याही किरकोळ अंगाच्या पोराला स्फुरण चढेल. पण तेवढ्याच वजनाची जी मुलं घरी परतली, त्यांची गोष्ट कुणी सांगत नाही. शिवाय केल्सी खेळला ती जागा मधली. तिथे चेंडू मागे दिला की लगेच धावत सुटून पुढच्या कुणाला तरी अडवायचं असतं. त्याचे पाय चपळ होते. कडेच्या जागेवर तो टिकला असता, असं मला वाटत नाही.

कबड्डीत मर्यादा वरून आहे. प्रो कबड्डीत ८५ किलोंपेक्षा जड गडी चालत नाही. खालून मात्र दार सताड उघडं, आणि गोम तिथेच आहे. आमच्या ६५ किलोंसमोर ८४ किलोंचा चढाईपटू आला तर पंच काही मध्ये पडणार नाहीत. कोपऱ्यावर निदान चवडा धरता येतो. खाली झुकून नेमक्या वेळी घोटा हातात आला की वजनाचा प्रश्न मिटतो, पण क्षणभरच. साखळीतला जोडीदार येऊन पडला नाही, तर तो गडी पकडणाऱ्यालाच फरफटत मध्यरेषेपर्यंत नेतो. मध्यरक्षकाला तर छातीवर धडक घ्यावी लागते. तिथे या मुलाला कुणी उभं करणार नाही, करूही नये.

मराठी घरात अशा वेळी खाशाबा जाधवांचं नाव निघतंच. वडिलांनीही काढलं. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात अंगकाठी पाहून क्रीडाशिक्षकांनी त्यांना नाकारलं, प्राचार्यांनी उतरू दिलं आणि त्यांनी थोराड मल्ल लोळवले, असं सांगतात. १९५२ ला हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांनी ब्राँझ जिंकलं, तेही खरं. पण ते ५७ किलोंच्या गटात. कुस्तीने लहान चणीच्या माणसाला त्याच्या मापाची जागा आधीच करून ठेवली आहे. आपल्याकडे कबड्डीच्याही वजनी गटांच्या स्पर्धा होतात आणि तिथे ६५ किलोंचा मुलगा राजा असतो. खुल्या गटात आला की त्याचं राज्य खालसा.

आणि पदकानंतर काय? १९५५ मध्ये खाशाबा पोलिसात उपनिरीक्षक झाले. दिल्लीतल्या इंदिरा गांधी स्टेडियमच्या आवारात कुस्तीच्या सभागृहाला त्यांचं नाव लागायला २०१० उजाडलं. तोवर त्यांना जाऊन पंचवीसेक वर्षं होऊन गेली होती.

मुलाला मी एवढंच म्हणालो, की चार-पाच किलो वाढव, पण पाय जड होऊ देऊ नकोस. नव्या तरुण खेळाडूंसाठी चाचण्या असतात तिथे जाऊन ये. जमेल असं वाटतं का, हे त्याने पुन्हा विचारलं, तेव्हा कठीण आहे म्हणालो.

वडिलांचा हिशेब वेगळाच आहे. त्यांना प्रो कबड्डीच्या लिलावाशी देणंघेणं नाही. त्यांच्या डोळ्यांपुढे खेळाडू कोट्यातली रेल्वेची किंवा आयकर खात्याची नोकरी आहे. आमच्या सरकारी वसाहतीतल्या माणसाला खेळावर पोट भरायचा तोच भरवशाचा मार्ग वाटतो, आणि मला तो मुळीच कमी दर्जाचा वाटत नाही. त्यासाठी आंतरविद्यापीठ स्पर्धेत विद्यापीठाकडून खेळल्याचं प्रमाणपत्र चालतं. त्याचा नमुना वडिलांनी परवा मला दाखवला. खेळाचं नाव, स्पर्धेचं ठिकाण, तारीख, संघाला मिळालेलं स्थान आणि खाली सहीशिक्का. वजनाचा रकाना नाही. मुलाने तो कागद बघितलाही नाही.