पाचची चिपळूण

माझे वडील, अण्णा, एसटीच्या कराड डेपोला कंडक्टर होते. निवृत्त होऊन अठरा वर्षं झाली, पण गेली दोन वर्षं दुपारचे चार वाजले की ते शर्ट चढवतात, दाराशी येतात आणि विचारतात, ‘‘पाचची चिपळूण लागली का?’’ स्मृतिभ्रंश आहे. मी सांगायचे, ‘‘अण्णा, तुम्ही रिटायर झालात.’’ ते मान डोलवायचे. पाच मिनिटांनी पुन्हा तेच.

मी शाळेत गणित शिकवते. तोच भागाकार पोरांना पाच-पाच वेळा समजावताना माझा आवाज चढत नाही. घरी मात्र तिसऱ्या-चौथ्या वेळीच चढायचा. एका संध्याकाळी मी इतक्या जोरात ओरडले की अण्णा खुर्चीतून ताडकन उठले, हात अंगाशी घट्ट धरून उभे राहिले आणि म्हणाले, ‘‘चूक झाली, साहेब.’’ ज्या माणसानं मला आयुष्यात कधी बोट लावलं नाही, त्याला मी चेकिंगला आलेला साहेब वाटले होते.

त्या रात्री देवासमोर शपथ घेतली, पुन्हा ओरडणार नाही म्हणून. तिसऱ्या दिवशी ती मोडली.

सेनेका माझ्या हाती लागला तो शाळेच्या ग्रंथालयातल्या एका जुन्या इंग्रजी भाषांतरात. पहिल्या शतकातला हा स्टोइक पंथाचा रोमन विचारवंत. रागावर त्यानं तीन भागांचं पुस्तक लिहिलं, तेही नोव्हाटस या आपल्या भावासाठी. राग वाईट असतो, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. मी थांबले ती दुसऱ्या भागात. तिथं तो म्हणतो की रागाच्या आधी एक झटका येतो, अंगावर गार पाणी पडल्यावर शहारा येतो तसा. तो आपल्या हातात नसतो आणि त्याचा दोषही आपल्याला नाही. राग येतो त्यानंतर, आपलं मन त्या झटक्याला ‘बरोबर आहे’ म्हणून सही देतं तेव्हा.

हे वाचून मला खरंच रडू आलं. आठव्यांदा प्रश्न ऐकल्यावर छातीत जे भडकतं, त्यालाच मी इतके दिवस माझा गुन्हा समजत होते. स्टोइक म्हणजे दगडाच्या काळजाची माणसं, असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. ऑलस गेलिअस या रोमन लेखकानं एक प्रसंग लिहून ठेवलाय. आयोनियन समुद्रात वादळ झालं, तेव्हा त्याच्याच जहाजावर असलेला एक नावाजलेला स्टोइकही पांढराफटक पडला. वादळ शमल्यावर गेलिअसनं त्याबद्दल विचारलं, तर त्यानं पिशवीतून एपिक्टेटस या स्टोइक गुरूचं पुस्तक काढून दाखवलं. त्यात होतं, शहाण्याचाही चेहरा उतरतो. फक्त ‘आता सगळं संपलं’ या विचाराला तो होकार देत नाही.

म्हणजे मला काम करायचं होतं ते झटका आणि सही यांच्यामधल्या जागेत. ती जागा रुंद करायला सेनेका सर्वांत मोठं औषध सांगतो, उशीर. गुलामाला मारायला उचललेला हात प्लेटोनं तसाच हवेत धरून ठेवला होता, ही गोष्ट तो तिथंच सांगतो. मी माझ्यापुरता उपाय ठरवला. झटका आला की उठायचं, माठापर्यंत जायचं, तांब्या भरायचा, पाणी प्यायचं, मग परत येऊन उत्तर द्यायचं. जाऊन-येऊन बावीस पावलं. पहिल्या आठवड्यात निम्म्या वेळा माठ आठवायचाच नाही. आठवायचा तो ओरडून झाल्यावर.

मोजायला शिकवलं एपिक्टेटसनं. हा मूळचा गुलाम, पायानं अधू. सुटका झाल्यावर रोममध्ये शिकवू लागला. सम्राट डोमिशियननं तत्त्वज्ञांना हद्दपार केलं, तेव्हा ग्रीसमधल्या निकोपोलिसला जाऊन त्यानं शाळा काढली. त्याची शिकवण एरियन या शिष्यानं टिपून ठेवली म्हणून आपल्यापर्यंत पोचली. तो सांगतो, न रागावलेले दिवस मोजा. आधी रोजचा राग दिवसाआड येईल, मग दोन दिवसांआड, मग तीन. सलग तीस दिवस गेले की देवाचे आभार माना. गणिताच्या बाईला आणखी काय हवं? मी कालनिर्णयवर पेन्सिलीनं आकडे लिहायला लागले. शपथ एकदा मोडली की मोडली. मोजणीत तसं नसतं. दुसऱ्या दिवशी एकपासून सुरू करता येतं.

चार. मग दोन. मग सहा, मग अकरा.

बाराव्या दिवशी मी पुन्हा ओरडले. रात्री स्वतःला जे बोलले, ते अण्णांनाही कधी बोलले नव्हते. मग पुस्तक उघडलं. तिसऱ्या भागात सेनेका त्याचा रोजचा परिपाठ सांगतो. दिवा नेला जातो, सवय माहीत असलेली बायको गप्प राहते आणि तो सगळा दिवस स्वतःसमोर उलगडतो, काही लपवत नाही. आणि शेवटी, पुन्हा असं करू नको एवढं बजावून, तो स्वतःला माफ करतो. हे पान मी आधी दोनदा वाचलं होतं आणि दोन्ही वेळा माफीची जागा ओलांडून पुढं गेले होते. माझी शिस्त म्हणजे रागच होता, फक्त आता तो माझ्यावर निघत होता.

तेव्हा मला अण्णांचं वेबिल आठवलं. टप्प्याटप्प्याला तिकिटांचे आकडे भरायचे, रात्री डेपोत कॅश जमा करायची, शॉर्ट आली तर पदरचे भरायचे. त्यावरून त्यांनी घरात कधी आदळआपट केली नाही. शॉर्ट किती आणि कुठल्या टप्प्याला, एवढंच ते बघायचे. मीही वहीत तसं मांडून बघायला लागले. सहा-सात रात्रींत दिसलं की माझे बहुतेक घोटाळे मांडीवर उत्तरपत्रिका असताना होतात. चार ते सहा पेपर तपासणं बंद केलं. माझं उत्तरही बदललं. अण्णांची आठवण माझ्या ताब्यात नाही, पण उत्तर आहे. आता मी म्हणते, ‘‘अजून लागली नाही, अण्णा. चहा घेऊ तोवर.’’

सर्वांत लांब ओळ एकोणीस दिवसांची झाली आहे. तीस अजून लांब आहेत.

परवा रात्री मी वही घेऊन बसले होते. अण्णा समोर येऊन बसले.

‘‘हिशोब जमला का?’’

‘‘एक शॉर्ट आहे, अण्णा.’’

‘‘कुठल्या टप्प्याला?’’

‘‘साडेपाचच्या सुमाराला.’’

त्यांनी माझ्या हातातली पेन्सिल घेतली, त्या ओळीखाली सरळ रेघ मारली आणि पेन्सिल परत दिली. मग दाराकडं बघून विचारलं, ‘‘पाचची चिपळूण लागली का?’’