ओल्या केसांत ऊ पळत नाही!

ओल्या केसांत ऊ पळत नाही! कोरड्या केसांत ती मिनिटाला वीतभर अंतर काटते. उजेड पडला की आत शिरते, कानामागे, मानेवरच्या दाट केसांत. आपण खिडकीशी बसून भांग पाडपाडून डोळे फोडत राहतो आणि ती तोवर डोक्याच्या दुसऱ्या टोकाला गेलेली असते. पण तेच केस चिंब भिजवा, वर सढळ हाताने कंडिशनर चोपडा, की ती असेल तिथेच केसाला गच्च धरून बसते. हलत नाही! आणि हलत नाही म्हणजे फणीत येते. मला हे कळल्यापासून मी भेटेल त्या बाईला सांगत सुटले आहे. भाजीवालीला सांगितलं, रिक्षाच्या रांगेत सांगितलं, आता इथे लिहितेय.

लेक चौथीत आहे. शाळा सुरू झाली, दोन वेण्या आणि लाल रिबिनी आल्या की गणपतीपर्यंत डोकं खाजवणं सुरू होतंच. बाकावर डोक्याला डोकं लावून चित्रं काढायची, मधल्या सुट्टीत एकमेकींच्या वेण्या सोडून पुन्हा घालायच्या, मामाच्या गावी गच्चीवर एका सतरंजीवर पाच-सहा जणींनी झोपायचं. ऊ उडत नाही, उडी मारत नाही, तिला पंख नाहीत आणि उडीचे पायही नाहीत. ती फक्त चालते, या केसावरून त्या केसावर. म्हणजे जिथे मुली एकमेकींवर जीव लावतात तिथेच ती पसरते. मला तर हे कळल्यावर उवांपेक्षा मुलींच्या मैत्रीचंच जास्त कौतुक वाटलं.

त्वचेच्या डॉक्टरांनी औषध लिहून दिलं आणि चिठ्ठी हातात देता देता म्हणाले, "फणी मात्र ओल्या केसांत फिरवा, दर चार दिवसांनी, दोन आठवडे." एवढंच! त्या एका वाक्याचा धागा धरून मी जे जे वाचत गेले त्याने रात्रीची झोप उडाली, आणि ती आनंदाने उडाली.

पहिल्या संध्याकाळचं सांगते. न्हाणीघरात लेकीला स्टुलावर बसवलं, खांद्यावर जुना पंचा टाकला. केस शॅम्पूने धुऊन घेतले, कंडिशनर मुळापासून टोकापर्यंत लावला. आधी मोठ्या दातांच्या कंगव्याने गुंता काढला. हे महत्त्वाचं, नाहीतर बारीक फणी अडकते, पोर ओरडते आणि सगळा बेत तिथेच मोडतो. मग स्टीलची बारीक फणी. डोक्याच्या कातडीला टेकवायची आणि एका दमात टोकापर्यंत ओढायची. प्रत्येक ओढीनंतर फणी पांढऱ्या कागदावर पुसायची. तिसऱ्या की चौथ्या ओढीला कागदावरच्या पांढऱ्या फेसात एक तपकिरी ठिपका आला. पाय हलवणारा ठिपका! "आई, आली!" लेक आरशातून बघत ओरडली, आणि पुढचा अर्धा तास आम्ही दोघी एकेका बटेवर तुटून पडलो. मुलीच्या डोक्याला हात लावला की एरवी जी भांडणं होतात त्यातलं एकही झालं नाही. तिला कागद बघायची इतकी घाई होती की ती स्वतःच मान वाकवून "आता इथे, आता इथे" सांगत होती.

एक ऊ आम्ही चिकटपट्टीवर चिकटवून भिंगाखाली धरली. तिळाएवढी असते मोठी ऊ. सहा पाय, आणि प्रत्येक पायाच्या टोकाला एक वाकडी नखी. ही नखी आत वळते आणि पायावरच्या एका छोट्या उंचवट्याला जाऊन भिडते, मधे जी फट उरते त्यात माणसाचा एक केस नेमका बसतो. नेमका! पोट पारदर्शक, त्यात एक गडद रेघ. ते लेकीचंच रक्त. लेक क्षणभर गप्प झाली आणि मग म्हणाली, "माझं आहे?" तिला किळस आली नाही, तिला ते फार भारी वाटलं. इंग्लंडमधल्या रॉबर्ट हुक यांनी 1665 साली 'मायक्रोग्राफिया' या ग्रंथात सूक्ष्मदर्शकातून दिसलेल्या उवेचं घडी उलगडून पाहावं लागेल एवढं मोठं चित्र छापलं होतं, केस धरलेल्या उवेचं. साडेतीनशे वर्षांपूर्वी ते चित्र पहिल्यांदा उघडणाऱ्यांची काय अवस्था झाली असेल हे मला आता कळतं.

आणि लिखा! लिखांकडे मी इतकी वर्षं नुसतं वैतागाने पाहिलं. मादी केसाच्या मुळाशी, कातडीपासून जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरवर अंडं ठेवते, कारण अंडं उबायला डोक्याची ऊब लागते. ते ज्या डिंकाने चिकटवते तो शॅम्पूने सुटत नाही. म्हणून कोंडा बोटाने सरकतो आणि लीख सरकत नाही, ओळखायची खूण हीच. अंड्याला टोपण असतं, टोपणाला हवेसाठी बारीक छिद्रं. पिल्लू बाहेर यायच्या वेळी त्या छिद्रांतून हवा गिळतं, ती हवा मागून सोडत स्वतःच्या खाली साठवतं, आणि त्या दाबाने टोपण उघडून वर ढकललं जातं. मागे उरतं ते रिकामं पांढरं टरफल. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, टरफल केसाबरोबर खाली सरकत जातं. म्हणजे कातडीपासून दोन-तीन सेंटिमीटरवर दिसणारी पांढरी चकचकीत लीख ही दोन-तीन महिन्यांपूर्वीची जुनी गोष्ट आहे! ती बघून घाबरायचं कारणच नाही. जिवंत अंडं मुळाशी असतं, तपकिरी, केसाच्या रंगात मिसळलेलं.

आता त्या 'दर चार दिवसांनी'चं गणित बघा, कारण खरी गंमत तिथे आहे. अंडं फुटायला साधारण सात ते दहा दिवस लागतात. पिल्लाला मोठं होऊन स्वतः अंडी घालायला आणखी नऊ-दहा दिवस. मोठी मादी महिनाभर जगते आणि दिवसाला सहा-आठ अंडी घालते. फणीने अंडी सगळी निघत नाहीत, डिंकच तसा आहे. मग काय करायचं? अंड्यांच्या मागे लागायचंच नाही! त्यांना फुटू द्यायचं. पहिल्या दिवशी फणी, मग पाचव्या, नवव्या, तेराव्या दिवशी. या तेरा दिवसांत जे जे अंडं फुटेल त्यातलं पिल्लू वयात यायच्या आत निदान एकदा फणीखाली येतंच. नवं अंडं पडत नाही, जुनी संपतात, वंशच बुडतो. सतराव्या दिवशी खात्रीसाठी एक फेरी, कागद कोरा राहिला की झालं. वहीत कॅलेंडर आखून लेकीने ते दिवस लाल पेनाने गोल केले आणि मला ते गणित तिच्याच तोंडून पुन्हा ऐकावं लागलं, आजीला समजावताना.

हे नुसतं माझ्या घरचं कौतुक नाही. ब्रिटनमध्ये यावर नीट तुलना झाली आणि 2005 साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये ती छापून आली. एका गटाला ओल्या केसांत फिरवायची फणी दिली, दुसऱ्याला दुकानात मिळणारं औषध एकदा लावायला दिलं. फणीवाल्यांत 57 टक्के मुलं उवांतून मोकळी झाली, औषधवाल्यांत 13 टक्के. औषध वाईट असं मी म्हणत नाही, आमच्या डॉक्टरांनी दिलेलं आम्ही लावलंच. पण परमेथ्रिनसारखं औषध सगळी अंडी मारत नाही, म्हणून साधारण नवव्या दिवशी ते पुन्हा लावायला सांगतात, आणि पुष्कळ देशांत उवा त्याला सरावल्याही आहेत. फणीला मात्र ऊ सरावू शकत नाही! दातांमधली फट उवेपेक्षा लहान आहे, यावर तिच्याकडे काही उपाय नाही.

सासूबाई बाजूला बसून सगळं बघत होत्या. म्हणाल्या, "अगं, आम्ही तेल थापून फणी फिरवायचो ते काय वेगळं होतं?" काहीच वेगळं नाही! भरपूर खोबरेल तेलातही फणी सुळकन जाते आणि उवांची चाल मंदावते. दर रविवारी ओटीवर लेकी-सुनांची रांग, मागे आजी, हातात फणी, आणि दोन अंगठ्यांच्या नखांमध्ये ऊ टिचल्याचा तो चुट् आवाज. त्या पिढीला हे हाताने माहीत होतं.

मात्र त्याच पिढीतले दोन उपाय घरात फिरकूही देऊ नका, हे मी हात जोडून सांगते. एक म्हणजे रॉकेल. पोराच्या डोक्यावर रॉकेल आणि शेजारी गॅस, हा विचारही नको. दुसरं सीताफळाच्या बियांची पूड. ही पूड डोळ्यात गेली तर बुबुळाला जखम होते, डोळे लाल होऊन भयंकर दुखतात, आणि असे रुग्ण आपल्याकडच्या नेत्रतज्ज्ञांकडे येत आले आहेत. झाडाचं आहे म्हणून सौम्य, असं काही नसतं. ढेकणांचं, झुरळांचं औषध डोक्याला लावणं तर अगदीच जिवाशी खेळ.

फणीबद्दल आणखी एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. इस्रायलमध्ये लाखीश नावाच्या प्राचीन नगरात 2016 साली उत्खननात एक इवलीशी हस्तिदंती फणी सापडली, जेमतेम साडेतीन सेंटिमीटर लांबीची. एका बाजूला गुंता काढायचे सहा विरळ दात, दुसऱ्या बाजूला उवा-लिखांसाठी चौदा दाट दात. आपल्या जत्रेत मिळणाऱ्या लाकडी फणीची रचना हीच, एक बाजू विरळ, एक दाट! पुढे काही वर्षांनी कोणाच्या तरी लक्षात आलं की तिच्यावर अक्षरं कोरलेली आहेत. सतरा अक्षरं, सात शब्द. केसांतल्या आणि दाढीतल्या उवा या दाताने निघून जाव्यात, अशी इच्छा त्यात लिहिलेली. फणी सुमारे 3700 वर्षांपूर्वीची. कनानी वर्णमालेत लिहिलेलं आजवर सापडलेलं हे सर्वांत जुनं पूर्ण वाक्य! त्या फणीच्या दातांमध्ये उवेच्या पिल्लाचे अवशेषही मिळाले. म्हणजे फणी कामाची होती, वापरातली होती. माणसाने वर्णमाला हाती येताच लिहून ठेवलेल्या पहिल्यावहिल्या वाक्यांत पोराबाळांच्या, घरधन्यांच्या डोक्यातल्या उवांची काळजी आहे, हे वाचून मला भरून आलं.

आणि एवढा जुना हा सोबती असताना आपण त्याची लाज का बाळगतो? "घाणेरडी राहते म्हणून झाल्या" हे वाक्य एखाद्या आठ वर्षांच्या मुलीला वर्गात ऐकावं लागतं तेव्हा माझा जीव तुटतो. ऊ धुतलेल्या केसांतही तितक्याच आनंदाने राहते. रोज डोक्यावरून अंघोळ घातली तरी ती बुडून मरत नाही, श्वासाची छिद्रं मिटून ती पाण्यात तासन्‌तास तग धरते. घामाने ती पैदा होत नाही. अंगावरच्या कपड्यांत राहणाऱ्या उवेने टायफस पसरतो हे शार्ल निकोल यांनी 1909 साली ट्युनिसमध्ये दाखवलं आणि त्यासाठी त्यांना 1928 चं नोबेल मिळालं. पण डोक्यातली ऊ खाज देते, खाजवून जखमा होतात, पण तो रोग ती पसरवत नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना तर स्पष्ट सांगते की उवा झाल्या म्हणून निरोगी मुलाला शाळेतून घरी बसवू नये. डोक्यावरून खाली पडलेली ऊ एक-दोन दिवसांत उपाशी मरते, त्यामुळे घरभर गाद्या उन्हात टाकायची, सोफे झोडपायची गरज नाही. उशीचा अभ्रा, पंचा, कंगवे गरम पाण्यातून काढले की पुरे.

पहिल्यांदा उवा होतात तेव्हा खाज सुटायला चार-सहा आठवडेही लागू शकतात, कारण खाज ही उवेच्या लाळेची अॅलर्जी असते आणि शरीराला ती उमजायला वेळ लागतो. म्हणजे ज्या मुलीने डोकं खाजवलं ती पहिली असेलच असं नाही. एका घराने फणी फिरवून भागत नाही, जिच्या शेजारी ती बसते तिच्याही घरी त्याच दिवशी फिरली पाहिजे. म्हणून मी वर्गातल्या आयांच्या गटावर सरळ लिहिलं, "माझ्या मुलीच्या डोक्यात उवा सापडल्या आहेत, येत्या रविवारी आपण सगळ्या एकदम फणी फिरवूया का?" पाठवल्यावर दोन मिनिटं शांतता. मग एकीचा निरोप आला, "आमच्याकडेही आहेत गं." मग दुसरीचा. मग धडाधड. एका बाबांनी विचारलं, मुलाचे केस बारीक कापलेत तरी करायचं का? करायचं, मुलांनाही होतात! एकीने घाऊक बाजारातून स्टीलच्या फण्या आणायचं कबूल केलंय, दुसरीच्या गच्चीवर नळ आहे म्हणून ज्यांच्या घरी पाण्याची ओढ आहे त्या मुली तिथे जमणार आहेत, आणि सासूबाई आतापासूनच विचारतायत की कंडिशनर संपला तर खोबरेल तेलाचा डबा बरोबर घेऊ का.