ध्रुवावरचं भोक

पृथ्वी सपाट आहे म्हणणारे आपल्याला माहीत असतात. पृथ्वी पोकळ आहे म्हणणारे त्यांचे चुलतभाऊ. त्यांच्या मते आपण राहतो ते नुसतं कवच आहे. आत मोकळी जागा, मधोमध छोटा सूर्य आणि आत शिरायला दोन्ही ध्रुवांवर एकेक प्रचंड भोक. पाताळाच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या आपल्याला हे ओळखीचंच वाटेल. पण ही मंडळी पुराणांचा दाखला देत नाहीत, ध्रुवावरच्या हवामानाचे आकडे पुढे करतात. म्हणूनच मला हा विषय नुसता हसण्यावारी न्यावासा वाटत नाही.

सुरुवात चांगल्या घरातून झाली. १६९२ साली एडमंड हॅलीनं, हो, धूमकेतूवाल्याच, होकायंत्राची दिशा हळूहळू का सरकते हे समजावताना पृथ्वीच्या आत वेगळी कवचं असावीत असा अंदाज मांडला. त्या काळात तो प्रामाणिक अंदाज होता. पुढे १७९८ मध्ये कॅव्हेंडिशनं पृथ्वीची घनता मोजली, ती पाण्याच्या साधारण साडेपाचपट निघाली. वरचे खडक तर जेमतेम पावणेतीनपट. म्हणजे आत पोकळी नाही, उलट जास्त जड काहीतरी आहे. विषय तिथेच संपायला हवा होता.

नाही संपला. १८१८ मध्ये सिम्स नावाच्या माजी अमेरिकन लष्करी अधिकाऱ्यानं पत्रकच काढलं: पृथ्वी पोकळ आहे, शंभर धाडसी माणसं द्या, सायबेरियातून रेनडिअर आणि घसरगाड्या घेऊन आत जातो! ती मोहीम कधी निघाली नाही. मग १९०६ मध्ये विल्यम रीड आणि १९१३ मध्ये मार्शल गार्डनर यांनी पुस्तकं लिहिली. त्यांचा पुरावा म्हणजे ध्रुवीय प्रवाशांच्याच नोंदी. उत्तरेकडून आलेला उबदार वारा, बर्फात मोकळं पाणी, वाहत आलेली लाकडं.

आता नीट बघा. या नोंदी खोट्या नव्हत्या. वादळाभोवती फिरून आलेली दक्षिणेची हवा उत्तरेकडूनही अंगावर येऊ शकते. लाकडं सायबेरियातल्या नद्या समुद्रात सोडतात. वरच्या गार पाण्याखाली अटलांटिकचं कोमट पाणी असतं, हे नान्सेननं १८९३ ते ९६ च्या 'फ्राम' मोहिमेत मोजलं होतं. आकडा बरोबर, अर्थ मात्र आधीच ठरलेला.

२३ नोव्हेंबर १९६८ चा एका हवामान उपग्रहाचा फोटो असाच गाजला. उत्तर ध्रुवावर भलंमोठं काळं वर्तुळ! तो दिवसभरातल्या चित्रांचे तुकडे जोडून केलेला फोटो होता, आणि नोव्हेंबरात ध्रुवावर रात्रच असते. अंधार काळाच दिसणार.

समुद्री बर्फाच्या नकाशांवर आजही ध्रुवाशी कोरं वर्तुळ असतं. उपग्रहाची कक्षा नेमकी ध्रुवावरून जात नाही, म्हणून तेवढा भाग मोजायचा राहतो. शास्त्रज्ञ स्वतःच त्याला 'पोल होल' म्हणतात. १९७८ च्या उपग्रहासाठी त्याची त्रिज्या ६११ किलोमीटर होती, नंतर ३११ झाली, आता ९४ आहे. उपकरणं सुधारली की पृथ्वीचं भोक बुजतं, असं कसं हो?

आणि जे आकडे खरंच निकाल लावतील, ते कुणी उघडत नाही. दक्षिण ध्रुवावर १९५७ पासून सलग तापमान मोजलं जातंय. आजवरचं सर्वाधिक उणे १२.३ अंश, सर्वात कमी उणे ८२.८. आतल्या सूर्याची ऊब तिथे कधीच पोचली नाही? उत्तर ध्रुवावर १९ ऑगस्ट २०२० ला 'पोलारस्टर्न' हे जर्मन संशोधन जहाज उपकरणांसकट जाऊन आलं. कशातही पडलं नाही.

इथपर्यंत गंमत होती. पण फेब्रुवारी २०१८ मध्ये ग्रीनलंडच्या उत्तर टोकाला, सूर्य उगवायच्या आधीच्या त्या काळोख्या दिवसांत, तापमान शून्याच्या वर सहा अंशांपर्यंत गेलं. त्या महिन्यात तिथे एकूण साठहून जास्त तास पारा शून्यावर होता. अटलांटिकवरून उबदार, दमट हवा आत घुसली होती. १९७९ पासून आर्क्टिक उरलेल्या जगाच्या जवळपास चौपट वेगानं तापतंय, त्या चित्रातली ही घटना.

अशा आकड्याला 'आतला सूर्य' म्हटलं की सगळे सुटले. ऊब पृथ्वीच्या पोटातून येत असेल तर कोळशाचा दोष नाही, पेट्रोलचा नाही, आपलाही नाही. धोक्याची घंटा वाजली आणि कुणी म्हणालं, आरती चाललीय.

हे प्रकरण आपल्यापासून लांब नाही. स्वालबार्डला २००८ पासून भारताचं 'हिमाद्री' केंद्र आहे, त्याचा कारभार गोव्यातून, वास्कोच्या ध्रुवीय संशोधन केंद्रातून चालतो. २०२२ च्या आपल्या आर्क्टिक धोरणातही मान्सूनशी असलेल्या नात्याचा अभ्यास आहे. तिथला पारा आपल्या पेरणीच्याही हिशोबात येतो.

आकडे सगळ्यांसाठी खुले आहेत, ते तसेच राहोत. हौशी माणसानं जरूर बघावेत. पण कुणी आलेख नाचवत पुढे आला, मग विषय ध्रुवाचा असो, पाण्याचा असो की गावच्या बजेटचा, तर भांडू नका. एवढंच विचारा: कोणता आकडा दिसला तर तुम्ही मत बदलाल? उत्तर 'कोणताच नाही' असेल, तर चहा मागवा आणि विषय बदला.